वाचकांचे प्रश्न : योनाचे धनुष्य आणि काही हरकती

मागील अंकात मिझुहो कुसानागी यांच्या ‘योना ऑफ द डॉन’ या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, परिचय प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. काही पत्रांत कौतुक आहे, पण अधिक पत्रांत हरकती आहेत. हरकत घेणाऱ्या वाचकांनी पुस्तक मन लावून वाचलेले दिसते, म्हणून या वेळी त्यांना अधिक जागा दिली आहे. ज्यांच्या वाचनात तो परिचय आला नसेल त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात असे. 2009 साली जपानमधील ‘हाना तो युमे’ या मुलींसाठीच्या नियतकालिकात सुरू झालेली ही कथा कोका नावाच्या काल्पनिक राज्यात घडते. राजा इल याची एकुलती एक मुलगी योना हिच्या सोळाव्या वाढदिवसाच्या रात्री तिचा चुलतभाऊ सू-वोन राजाची हत्या करतो, आणि याच सू-वोनवर योनाचे लहानपणापासून प्रेम असते. हाक हा तिचा अंगरक्षक तिला घेऊन राजवाड्यातून निसटतो. पुढे एका पुजाऱ्याच्या भविष्यवाणीवरून ती प्राचीन ड्रॅगनांचे रक्त अंगात असलेल्या चार योद्ध्यांच्या शोधात निघते.

प्रश्न : पहिला खंड मी अर्ध्यावर ठेवून दिला. कणखर नायिका म्हणून जिची एवढी स्तुती झाली, ती मुलगी पहिल्या पानापासून आपल्या लाल केसांची तक्रार करते, सू-वोन आला की लाजते आणि संकट आले की थिजून जाते. या मुलीसाठी मी पुढचे खंड का वाचावेत? (देवगड येथील एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपली चीड रास्त आहे, आणि माझ्या मते लेखिकेला ती हवीच आहे. योना दुबळी जन्मलेली नाही, तिला दुबळे ठेवलेले आहे. राजा इल शस्त्रांचा तिरस्कार करणारा राजा आहे आणि आपल्या मुलीच्या हाती शस्त्र पडू नये याची तो काळजी घेतो. त्याच्या या प्रेमळ धोरणाचा परिणाम असा होतो की बाप डोळ्यांदेखत मारला जात असताना मुलीला ओरडण्यापलीकडे काहीही करता येत नाही. सुरुवातीची ती केसांची कुरकुर, तो लाडावलेपणा आणि हत्येनंतर पानेच्या पाने पसरलेली तिची शून्य नजर वगळली असती, तर पुढील प्रवासाला अर्थच उरला नसता. पहिल्याच पानावर तलवार परजत येणारी नायिका वाचकाला लगेच आवडते, परंतु तिने काय गमावले आणि काय कमावले हे त्याला कळत नाही.

दुसऱ्या खंडात एक प्रसंग आहे, तेथपर्यंत तरी आपण वाचावे असा माझा आग्रह आहे. पाठलाग करणारा सरदारपुत्र कान ते-जून तिचे लांब केस मुठीत धरतो आणि योना हाती आलेल्या तलवारीने ते केस कापून स्वतःला सोडवून घेते. या प्रसंगाची चर्चा खूप होते आणि चित्र म्हणून तो प्रभावी आहे, यात शंका नाही. मला मात्र त्यानंतरची, कमी बोलली जाणारी पाने अधिक मोलाची वाटतात. योना हाककडे शस्त्र चालवायला शिकव अशी मागणी करते. राजाची इच्छा आठवून हाक आढेवेढे घेतो आणि शेवटी तिच्या हाती धनुष्य देतो, कारण ते दुरून चालवता येते. त्याबरोबरच तो तिला स्पष्ट बजावतो की बाण सोडायचा म्हणजे समोरच्याचा जीव घेण्याची तयारी ठेवायची. त्यानंतर आपल्याला दिसते ती रात्री सगळे झोपल्यावर एकटीने सराव करणारी मुलगी. तिचे बाण चुकतात, सावज निसटते, आणि प्राण्यावर नेम धरतानाही तिचा हात कचरतो. साहसकथांमध्ये शिक्षणाचा हा भाग बहुधा एका पानात उरकला जातो. येथे तो खंडामागून खंड चालू राहतो आणि धनुष्य जमू लागल्यावर तलवारही शिकण्याचा हट्ट योना धरते. तिचा निर्धार मला पटतो तो यामुळे, केस कापल्यामुळे नव्हे.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. आमच्या मुली ही पुस्तके आवडीने वाचतात, त्याचा आनंदच आहे. पण एक गोष्ट खटकते. योनाच्या भोवती हाक आहे, चार ड्रॅगन योद्धे आहेत, स्वयंपाकापासून औषधापर्यंत सगळे पाहणारा यून आहे, आणि हे सर्व पुरुष आहेत. प्रत्येक संकटात कोणी ना कोणी तिला उचलून नेतो. हिला कणखर म्हणणे म्हणजे मुलींची दिशाभूल नव्हे काय? (हर्णै येथील एक शिक्षिका)

उत्तर : ताई, आलेल्या पत्रांतील सर्वांत महत्त्वाची हरकत आपली आहे. तिचा काही भाग मला मान्य आहे. या कथेत नायिकेच्या बरोबरीने चालणारी स्त्री पात्रे कमी आहेत, विशेषतः सुरुवातीच्या खंडांत. देखण्या तरुणांच्या घोळक्यात एक मुलगी हा मुलींच्या मांगांमधील ठरलेला साचा आहे, आणि लेखिकेने तो वाचकांच्या आवडीसाठी वापरला आहे, हेही खरे. हाकने योनाला खांद्यावर टाकून पळण्याचे प्रसंग इतके आहेत की त्यातील निम्मे वगळले असते तरी कथेचे काही बिघडले नसते.

परंतु आवा बंदराचा भाग आपण पुन्हा एकदा वाचावा. आवा हे समुद्रकाठचे गाव तेथील अधिकारी यांग कुम-जी याच्या मुठीत आहे आणि तो गावातल्या मुली परदेशी विकतो. त्याच्या विरोधात उभ्या असलेल्या चाच्यांची प्रमुख गि-गान ही उतारवयातील स्त्री आहे आणि तिला योनाच्या हेतूवर विश्वास नाही. ती योनाची परीक्षा घेते : समुद्राकडील कड्यावर उगवणारी एक औषधी वनस्पती योनाने स्वतः जाऊन आणायची. हे चित्रण मी अनेकदा पाहिले आहे. वाट जेमतेम पाऊल मावेल एवढी, खाली खडकांवर फुटणाऱ्या लाटा, कड्याला पाठ टेकवून सरकणारी योना, आणि चित्रात स्पष्ट दिसणारे तिचे थरथरणारे पाय. ज्यांनी आपल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या खडपावर पाय रोवून कालवं काढणाऱ्या बाया पाहिल्या आहेत, त्यांना त्या पायांचे रेखाटन किती खरे आहे ते लगेच कळेल. जे-हा हा ड्रॅगन योद्धा एका उडीत ती वनस्पती आणू शकला असता, आणि तो तिच्या बरोबर आहेही. तरी हे काम तिचे आहे, हे ती आणि तो दोघेही जाणतात.

त्यानंतर त्याच भागात, विकायच्या मुलींमध्ये मिसळून जहाजावर जायला कोणीतरी हवे असते. त्या कामासाठी योना पुढे होते आणि मुलीचा वेश घेऊन यून तिच्या सोबत जातो. मारामारीत तिच्याहून दहापट सरस असलेले सर्व पुरुष त्या वेळी जहाजाबाहेर, तिच्या इशाऱ्याची वाट पाहत थांबलेले आहेत. शेवटी निसटून जाणाऱ्या कुम-जीवर बाण सोडते तीही योनाच. हाकने पहिल्या दिवशी घातलेली अट, म्हणजे जीव घेण्याची तयारी, तेथे पुरी होते आणि लेखिका त्याचा जल्लोष करत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की बाहुबळ आणि निर्धार यांची गल्लत करू नये. योनाजवळ बाहुबळ अखेरपर्यंत बेताचेच आहे आणि कथा ते कधी लपवत नाही. तिच्याभोवती असामान्य शक्तीचे लोक असूनही कोठे जायचे, कोणासाठी लढायचे आणि कोठे थांबायचे हे निर्णय तिचे असतात, आणि त्या लोकांना ती आपली मालमत्ता न मानता दरवेळी विचारते की तुम्हाला यायचे आहे का. जे-हाला तर ती जबरदस्तीने सोबत नेण्यास साफ नकार देते, कारण आपल्या रक्तामुळे लादल्या गेलेल्या कर्तव्याची त्याला चीड आहे हे तिला समजते. मदत घेणे म्हणजे दुबळेपणा, अशी समजूत मुलींच्या मनात रुजू नये, हे आपणही मान्य कराल. वर्गात मुलींना योना आवडते का हे विचारण्याऐवजी, अमुक प्रसंगी निर्णय कोणी घेतला, हे विचारून पाहावे. माझ्या मते त्यांची उत्तरे आपल्या हरकतीलाही न्याय देतील.

प्रश्न : आवा बंदरातील चाचे सज्जन आणि राज्याचा अधिकारी दुष्ट, हे चित्र भाबडे नाही का? चाच्यांचे असे उदात्तीकरण का करावे? (अलिबाग येथील एक वाचक)

उत्तर : अलिबागच्या वाचकाला मी उलट विचारतो की चाचा कोणाला म्हणायचे हे कोण ठरवते? आपल्या गावासमोरच्या कुलाबा किल्ल्यातून ज्यांनी समुद्रावर हुकमत गाजवली त्या कान्होजी आंग्रे यांना इंग्रज आपल्या कागदपत्रांत चाचेच म्हणत, आणि मराठी राज्यात मात्र ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. 1729 साली त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंत इंग्रजांना आणि पोर्तुगीजांना त्यांचा बंदोबस्त करता आला नाही. गि-गान कान्होजींसारखी राज्याची अधिकारी नाही, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. तरी ज्या गावात कायदा चालवणाराच मुलींचा व्यापार करतो तेथे कायदा मोडणारी माणसे गावकऱ्यांना जवळची वाटणे, हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजायला अवघड नाही. भाबडेपणा असलाच तर तो कुम-जीच्या चित्रणात आहे. त्याला एकही माणुसकीची रेष दिलेली नाही आणि पुढील खंडांतील प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत तो फारच सपाट वाटतो.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या मैत्रिणीने हे पुस्तक दिले. मी चाळले तर रक्तपात दिसला. तिला वाचू द्यावे का? (वेंगुर्ले येथील एक पालक)

उत्तर : सातवीतील बहुतेक मुलींना पहिले दोन-तीन खंड झेपतील, परंतु आवा बंदराचा मुलींच्या विक्रीचा भाग आपण आधी स्वतः वाचावा आणि मग तिच्याबरोबर त्यावर बोलावे. वर्णन बीभत्स नाही, पण विषय गंभीर आहे आणि मुलीच्या मनात प्रश्न उभे राहणारच. पुस्तक हातातून काढून घेऊ नये, एवढी मात्र विनंती आहे. आणखी एक, ही पुस्तके उजवीकडून डावीकडे वाचावयाची असतात. आपण चाळताना शेवटच्या पानापासून सुरुवात केली असल्यास कथेचा क्रम उलटा लागला असेल.

प्रश्न : गंभीर प्रसंगाच्या मध्येच पात्रांची छोटी, गोलमटोल, विनोदी चित्रे येतात. रस जातो. (कुडाळ)

उत्तर : सहमत आहे. प्रवासातील भांडणे, यूनची आदळआपट, किजा या ड्रॅगन योद्ध्याचे किड्यांना घाबरणे यांत हा विनोद शोभतो. दुःखाच्या पानावर मात्र तो घाईने आल्यासारखा वाटतो आणि काही ठिकाणी लेखिकेने स्वतःच उभे केलेले वातावरण त्याने मोडते.

प्रश्न : मी या कथेवरील ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) पाहिले. आता पुस्तक वाचण्याची गरज आहे का? (चिपळूण येथील एक वाचक)

उत्तर : गरज आहे. 2014-15 मध्ये आलेली 24 भागांची ती मालिका चारही ड्रॅगन योद्धे एकत्र येताच थांबते, म्हणजे ओळखपरेड संपते तेथे. मूळ कथा चाळीसहून अधिक खंडांची आहे. योना दुष्काळी गावांत राहू लागते, राज्याराज्यांच्या वाटाघाटींत उतरते, आणि ज्याने तिच्या वडिलांना मारले त्याच्यासमोर वारंवार उभी राहते, हे सारे त्यानंतरचे आहे. मालिकेतील संगीत आणि रंग मलाही आवडले. योनाची मात्र त्यात निम्मीच ओळख होते.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. नातीच्या आग्रहामुळे वाचायला घेतले आणि गुंतलो. माझा प्रश्न सू-वोनबद्दल आहे. बापाच्या मारेकऱ्याला लेखिका इतक्या सहानुभूतीने का रंगवते? योना सूड का घेत नाही? ज्या नायिकेला सूड घेता येत नाही, तिला तडफदार कसे म्हणावे? (सावंतवाडी येथील एक वाचक)

उत्तर : आजोबा, आपला हा प्रश्न या कथेच्या मुळाशी जातो, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

राजवाड्यातून बाहेर पडल्यावर योनाला जे दिसते ते तिच्या बापाची बाजू दुबळी करणारे आहे. युद्ध नको म्हणून राजा इलने शेजारी राज्यांपुढे माघार घेतली, मुलूख गेला, सरदार मनाला येईल तसे वागू लागले, आणि कोका राज्यातील टोळ्यांपैकी एक असलेल्या आगीच्या टोळीच्या प्रदेशात लोकांना धान्य मिळेनासे झाले. आपल्याला खाऊ घालणारा, कोणावरही न रागावणारा बाप राजा म्हणून अपुरा पडला होता, हे तिला भुकेल्या घरांत बसून कळते. इकडे सू-वोन गादीवर येतो आणि राज्य खरोखरच सावरतो. तो कर्तबगार आहे, रयतेत मिसळतो, सरदारांना वेसण घालतो. लेखिकेने हे सोपे केले असते, म्हणजे सू-वोनला जुलमी दाखवले असते, तर योनाचा सूड हा रयतेचाही सूड झाला असता आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

तसे न करता तिने योनाला अशा जागी उभे केले आहे, जेथे मारेकऱ्याला मारले तर राज्य पुन्हा पोरके होईल. योना सूड विसरलेली नाही. सू-वोनने वाढदिवसाला दिलेली केसांतली पिन ती किती काळ जपते हे आपण पाहिलेच असेल, आणि त्या पिनेत प्रेम अधिक की संताप अधिक हे तिलाही सांगता येत नाही. आवा बंदरात दोघे अचानक समोरासमोर येतात तेव्हा तिच्या मनात उसळणारे भाव लेखिकेने जवळजवळ संवादाविना, केवळ डोळ्यांच्या चित्रांतून दाखवले आहेत. ती पाने मला या मांगातील सर्वांत प्रामाणिक पाने वाटतात.

मग ती काय करते? आगीच्या टोळीच्या गावांत ती आणि तिचे साथीदार करवसुली करणाऱ्या शिपायांना पळवून लावतात आणि भुकेल्यांना अन्न देतात. केवळ अन्न वाटून भूक भागत नाही हे लक्षात आल्यावर नापीक, थंड जमिनीतही तग धरणाऱ्या धान्याचा शोध घेण्यासाठी ते शेजारच्या साम्राज्यात जातात, आणि यून ते बियाणे मिळवतो. हे बियाणे ते सोपवतात कोणाकडे? ज्याने योनाचे केस मुठीत धरले होते त्याच कान ते-जूनकडे, कारण तो पश्चात्तापाने बदललेला आहे आणि त्या प्रदेशाचा कारभार त्याच्या घराण्याकडे आहे. साहसकथेतील तडफदार नायिकेने शत्रूच्या हाती तलवारीऐवजी बियाणे द्यावे, हे आपल्याला अळणी वाटणे शक्य आहे. मला त्यात फार मोठे धैर्य दिसते. सूड घेण्यासाठी एक बाण पुरतो आणि तो सोडायला ती एव्हाना शिकलेली आहे. तो भात्यात ठेवून, बापाच्या हातून राहून गेलेले काम ती पुरे करते.

आपली सहानुभूतीबद्दलची तक्रार मात्र मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. पुढील खंडांत सू-वोनची बाजू मांडताना राजा इलच्या हत्येचे वजन काही ठिकाणी हलके होते, आणि हाकचा संताप मग एकट्याने वाहायचे ओझे बनतो. हाकने सू-वोनवर मित्र म्हणून जीव लावला होता. त्यामुळे माझ्या लेखी या कथेतील सर्वांत मोठा अन्याय योनावर झालेला नसून हाकवर झालेला आहे. नातीशी यावर वाद घालून पाहा आणि ती काय म्हणते ते अवश्य कळवा.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात मुली मांगा मागतात. कार्यकारिणी म्हणते, चित्रांची पुस्तके घेऊन पैसे वाया घालवू नका. रक्कमही थोडी आहे. काय घ्यावे? (गुहागर तालुक्यातील एक ग्रंथपाल)

उत्तर : कार्यकारिणीला सांगावे की मुलींसाठी साहसी नायिका रंगवण्याची जपानी परंपरा चांगली जुनी आहे. ओसामु तेझुका यांनी मुलाच्या वेशात तलवार चालवणाऱ्या राजकन्येची कथा 1953 सालीच सुरू केली होती. रियोको इकेदा यांनी 1972 पासून फ्रेंच राज्यक्रांतीच्या पार्श्वभूमीवर, मुलगा म्हणून वाढवलेल्या ऑस्कर या सेनाधिकारी स्त्रीची कथा लिहिली. हायाओ मियाझाकी यांची ‘नौसिका’ 1982 ते 1994 अशी बारा वर्षे प्रसिद्ध होत होती आणि ती सात खंडांत पूर्ण झाली. या परंपरेकडे केवळ चित्रांची पुस्तके म्हणून पाहणे योग्य नाही.

रक्कम थोडी असेल तर आधी ‘नौसिका’ घ्यावी. खंड सातच असल्याने संच अपुरा राहत नाही, आणि विषारी वने, युद्ध व पर्यावरण यांत वाट काढणारी ती राजकन्या मोठ्या वाचकांनाही खिळवून ठेवते. मात्र चित्रे दाट आहेत आणि शेवटचे खंड कठीण आहेत, म्हणून नववीच्या पुढील मुलींना ती द्यावी. ‘योना’चा संपूर्ण संच एकदम घेऊ नये. 2016 पासून विझ मीडिया या प्रकाशनाने इंग्रजी भाषांतराचे खंड काढले आहेत, त्यांतील पहिले आठ घ्यावेत. आवा बंदराचा भाग त्यांत पूर्ण येतो. इंग्रजी सोपे आहे आणि चित्रांचा आधार असल्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलींनाही अडत नाही. एकेक खंड घरी देण्याऐवजी सुरुवातीचे काही आठवडे वाचनालयातच बसून वाचण्याची सोय करावी, कारण मधला एखादा खंड हरवला की पुढचे सगळे कपाटात पडून राहतात. आणि पहिल्या खंडाच्या दोन प्रती घ्याव्यात.